मार्गशीर्षात राहिलेली पानं

आमच्या हिला लोकांची फार काळजी. इतकी, की समोरच्याला विचारायचंसुद्धा ती टाळते.

शेजारच्या रुपालीचं आणि हिचं, म्हणजे क्रिस्टीनाचं, शनिवारचं ठरलेलं असायचं. दुपारी ही ओव्हनमध्ये केक लावायची. वास कुंपणापलीकडे गेला की हिची हाक जायची, "रुपाली, ये गं," आणि रुपाली हात पुसत यायची. कॉकटेलचं खातं माझ्याकडे. नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून एवढा एकच हुद्दा मला उरला होता. आल्याचा रस, लिंबू, कोकम, सोडा आणि ज्या रममध्ये हिचे मनुके मुरत पडलेले असत, त्यातली थोडी. चर्चचे पाळकसाहेब घरी आले की ती बरणी मैद्याच्या डब्यामागे जायची. मग दोघी एक कादंबरी आळीपाळीने मोठ्याने वाचायच्या. पुस्तक आमच्याकडे राहायचं आणि नियम एकच, दुसरीला सोडून पुढे वाचायचं नाही.

रुपाली अकोले तालुक्यातली. वाचताना अगदी पुस्तकी वाचायची, पण गोष्टीतल्या नवऱ्यावर चिडली की थेट गावाकडे जायची. "लई आगाऊ हाय ह्यो माणूस, ताई. हिनं ह्याला आधीच सोडायला पायजे हुतं." ते ऐकायला मीही पेपर तोंडासमोर धरून तिथेच बसायचो.

गेल्या वर्षी एक जाडजूड कादंबरी संपत आली आणि मार्गशीर्ष लागला.

"आता महिनाभर तिला बोलवायला नको," ही म्हणाली. "केकमध्ये अंडं, ग्लासात रम. नाही म्हणताना तिलाच अवघड व्हायचं."

"मग चहा पाज आणि नुसतं वाचा. नाहीतर विचार तरी तिला."

"असं कुणी विचारतं का? तुम्हाला काही कळत नाही."

मला काही कळत नाही, हे आमच्या घरात जुनंच आहे. मी पेपर उघडला.

नाताळ तोंडावर आलेला. ही रोज केक करत होती. वास कुंपणापलीकडे जात होता, हाक जात नव्हती. रुपालीसाठी बिनअंड्याचा, बिनरमचा केक वेगळा करून हिने तिच्या मुलीच्या हाती पाठवला, आणि आपल्या समजूतदारपणावर स्वतःच खूश झाली. पुस्तकाशिवाय मात्र हिला राहवेना. एका दुपारी ते उघडलं आणि संपवूनच खाली ठेवलं. "तिच्यासोबत पुन्हा वाचीन की," मला म्हणाली.

नाताळ झाला आणि गावाकडे रुपालीच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तिचा नवरा रविराज एकुलता एक. भाताची शेती, अंथरुणाला खिळलेला बाप. बघता बघता त्यांनी इथलं घर सोडलं. टेम्पो भरताना रुपाली हिच्या गळ्यात पडून रडली. कादंबरीचा विषय कुणी काढला नाही.

परवा तिची मुलगी सृष्टी आली. ती इथेच कॉलेजच्या होस्टेलवर असते. हिने तिच्यापुढे केक ठेवला आणि सहज म्हणाली, "तुझी आई मार्गशीर्ष पाळते ना, म्हणून तेव्हा असा खाऊ घालता आला नाही."

"आई कुठे काय पाळते, मावशी? उपास आजीचे, ती गावाला." सृष्टी खाता खाता सांगत होती. "तुमच्या केकचा वास आला की आई केस विंचरून बसायची. मी म्हणायचे, जा ना. तर म्हणायची, त्यांचा सण हाय, पाहुणे असतील, हाक आली की जाईन. मग तो वेगळा केक आला. तेव्हा म्हणाली, आता आपन परके झालो."

हिच्या हातातली सुरी तशीच राहिली. सृष्टीला आपण काय बोललो ते उमगलं नाही. तिने हौसेने आईला फोन लावून दिला.

"ताई, शेवट सांगू नका हं," रुपालीचा आवाज आला. "इथं वाचनालयात दिसलं मला ते पुस्तक, पन हात न्हाई लावला. आपलं ठरलंय ना? मामांना बरं वाटलं की येते."

"नाही सांगत," ही खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "मी तरी कुठे वाचलंय?"

मामा, म्हणजे रुपालीचे सासरे, आता उठतील असं डॉक्टरांना वाटत नाही, हे सृष्टीने आल्या आल्या सांगितलं होतं.

ती गेल्यावर हिने पुस्तक काढलं आणि खूण पुन्हा जुन्या पानात घातली. "नुसती एक हाक मारायची होती हो," म्हणाली आणि रडायला लागली.

कुंपण मलाही दिसत होतं, आणि हाक मारायला आवाज मलाही होता.