वजन सारखं भरलं त्या साली

मी एक जुना टांगता काटा आहे. काच तडकलीय, आकड्यावर थोडा गंज चढलाय. पण मित्रांनो, कुणी मला भंगार म्हटलेलं मी खपवून घेत नाही, आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून निघालो तो रोह्याच्या बाजारात. तिथे दहा वर्षं तांदूळ आणि सुकी मासळी तोलली. मग धरमतरच्या खाडीलगत गुणाजीच्या खळ्यावर आलो. त्याची बायको शकू दर हंगामाआधी मला दोन किलोचं वजन टांगून तपासायची. "माणसापरीस खरा हाय," म्हणायची. मी फुगायचो.

त्यांच्या शेतात खारं पाणी शिरायचं. दोन सालं शकूचं भात करपलं होतं. तेव्हा दत्तात्रेय नावाचे साहेब खाऱ्या जमिनीत तगणारं बियाणं घेऊन आले. सात घरांनी एका वाफ्यात नवं लावलं, शेजारच्या वाफ्यात जुनं. झोडणी झाली, मी भात तोललं. दोन्हीकडे वजन सारखंच!

साहेब आधी माझ्यावरच घसरले, काटा बिघडलाय म्हणाले. शकूने दोन किलो टांगले. मी नेमका दोनावर. मग साहेब म्हणाले, फरक नाही म्हणजे बियाणं कुचकामी, पुढल्या साली मिळणार नाही.

मला तर संताप आला. अहो, मी वजन सांगितलं. बियाणं कुचकामी आहे असं मी कधी म्हणालो?

शकू मात्र लावणी आठवत होती. गावात कुणाला रोपं कमी पडली की शेजारीण आपल्यातल्या मुठी देते, नाही म्हणायची रीतच नाही. शकूने शेजारच्या मालूला दिल्या, मालूने शकूला. कुठली मूठ कुठल्या बियाण्याची, ते कुणी बघितलंच नाही. दोन्ही वाफ्यांत सगळी खिचडी.

"साहेब, फरक दिसायची वाट आमीच बुजवली," ती म्हणाली. "एक साल परत द्या. मग काय निघंल ते निघू दे."

साहेबांनी ऐकलं. पुढच्या लावणीला नव्या रोपांच्या मुठीमुठीला लाल चिंधी बांधली. देणंघेणं चालूच राहिलं, पण लाल मूठ नव्या वाफ्यातच गेली. त्या साली पाच घरांत नवं भात चांगलं जड भरलं. दोन घरांत सारखंच राहिलं, तिथे खारं पाणी शिरलंच नव्हतं. तेही मी ताठ मानेने सांगितलं.

मित्रांनो, काट्याला तेल द्या, गंजू देऊ नका. आणि तो 'सारखं' म्हणाला, तर त्याला किंवा बियाण्याला शिव्या घालण्याआधी लावणी कशी झाली ते विचारा.

आता खळ्यावर विजेचा नवा काटा आलाय. शकू त्याच्यावर भात ठेवण्याआधी तो माझ्याशी जुळतो का, ते बघते.