मेपलच्या पानांआड

एल्विन स्टॉडर्ड मेला तर मी त्याच्या मयताला जाणार नाही, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. कॉरिन म्हणायची, "तू आधी मेलास तर तो नक्की येईल, आणि पोटभर जेवून जाईल." शेवटी तीच आधी गेली. एल्विन आला. टोपी मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसला आणि जेवणाला न थांबता निघून गेला. त्याचाही मला रागच आला.

आमचा रस्ता व्हरमाँटच्या डोंगरात आहे. त्यावर सात घरं, आणि वळणापलीकडे आठवं एल्विनचं. इंटरनेटची चांगली केबल खाली गावातल्या वाचनालयापर्यंत येऊन थांबली आहे. सात घरांसाठी ती वर आणणार नाही, असं कंपनीने स्पष्ट कळवलं. आमच्याकडे फोनची जुनी तार. कॉरिनचं हृदय कमजोर झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, साठ मैल गाडीने येऊ नका, मी पडद्यावर बघत जाईन. पण पडद्यावर त्याचं तोंड अर्धं उघडं राहायचं, आणि तसंच राहायचं.

कॉरिनने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. एखादा रस्ता बंद झाला की दुसरा शोधायची तिला सवय. तिने कुठून तरी वाचून काढलं की वाचनालयाच्या छपरावर एक छोटी तबकडी लावायची, दुसरी आमच्या सायलोवर. सायलो म्हणजे चारा साठवायचा आमचा मनोरा. गायी विकल्या तेव्हापासून रिकामाच उभा आहे. वाचनालयातून सिग्नल सायलोवर घ्यायचा आणि तिथून सातही घरांना वाटायचा. तारा नाहीत, खांब नाहीत. अट एकच, एका तबकडीला दुसरी दिसली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या गावसभेत तिने नकाशा उघडला. वाचनालय ते सायलो, लाल शाईची एक सरळ रेघ. आमच्याकडे जे काही मिळून करायचं ते त्याच आठवड्यात ठरतं, कारण तेव्हाच सगळे एकमेकांची तोंडं बघतात. एल्विन मागून म्हणाला, "त्या रेघेवर कावळासुद्धा बसणार नाही."

सगळे हसले. कॉरिन नकाशा गुंडाळून खाली बसली.

त्या दिवसापासून मला ते जाळं हवं होतं. इंटरनेटसाठी नव्हे. एकाहत्तराव्या वर्षी मला इंटरनेट काय करायचंय? मला एल्विन तोंडघशी पडलेला बघायचा होता. कॉरिन गेल्या ऑक्टोबरमध्ये गेली. तिच्या उशाशी बसून मी म्हटलं होतं, तुझी रेघ मी चालवून दाखवतो.

या मार्चमध्ये, गावसभेच्या दुसऱ्या दिवशी, मी सायलोवर चढलो. खाली वाचनालयात प्रिसिला होती, तिथली ग्रंथपाल. ती फोनवर आकडे वाचत होती आणि मी तबकडी बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत होतो. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. वजा एकसष्टवर तो थांबला. "उत्तम आहे लाइल, आता हात लावू नकोस," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत सातही घरांत सिग्नल पोचला. बर्निस ऐंशीच्या घरातली, शेजारच्या घरात एकटी राहते. तिने मला फोन करून सांगितलं, "मी एका तासात चार लोकांशी भांडले. सगळे स्पष्ट दिसत होते."

हे दहा आठवडे चाललं. मेच्या मध्यावर आकडा घसरायला लागला. वजा सत्तर. वजा ब्याऐंशी. मग काहीच नाही. मी तीनदा वर चढलो, वायर बदलली, तबकडीमागचा सिग्नलचा डबा बदलला. चौथ्यांदा चढलो तेव्हा डब्याकडे न बघता समोर बघितलं. मार्चमध्ये जिथून वाचनालयाचं छप्पर दिसत होतं, तिथे हिरवी भिंत उभी होती. एल्विनचे सहा मेपल. पानं फुटली होती. ओल्या पानांतून हा सिग्नल जात नाही.

सातही घरांना मी सांगितलं, एल्विनच्या झाडांनी वाट लावली. मुद्दामच तसं सांगितलं. मग एका सकाळी लाकूड कापायची साखळीची करवत घेऊन त्या मेपलखाली गेलो.

तो ट्रॅक्टरवर बसून आला. उतरला नाही.

"करवत तुझी की उसनी?"

"माझी."

"साखळी सैल आहे. झाडाआधी तू पडशील."

"सहांतली दोन गेली तरी पुरे."

"माझ्या पणजोबाने लावलीत. त्यांच्या रसाचा गोड पाक निघतो. लाव हात. पोलिसांना बोलवायला मला तुझ्या डब्याची गरज नाही. माझा फोन तारेवरचा आहे. पानांनी बंद पडत नाही."

मी करवत खाली ठेवली. उचलून धरणं जमत नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "पानं आली की बंद पडणार, हे तुला मार्चपासून माहीत होतं. आणि तू गंमत बघत बसलास."

"मेपलला मेमध्ये पानं येतात हे कळायला काय कॉलेज लागतं? आणि मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तिला."

त्याने ट्रॅक्टर बंद केला.

"त्या गावसभेनंतर चौथ्या दिवशी आली होती नकाशा घेऊन. माझ्या स्वयंपाकघरात बसली. मी म्हटलं, बाई, जूनमध्ये बघ आणि मग रेघ ओढ. मधे झाडं आहेत. तर म्हणाली, मग तुझ्या टेकडीवर एक डबा ठेवू दे, तिथून दोन्हीकडचं बारा महिने दिसतं. मी नाही म्हटलं."

"का?"

"तुझ्या कालवडींनी झाडांचा रस वाहून आणणाऱ्या माझ्या नळ्या तुडवल्या, अख्खा हंगाम गेला. अठरा वर्षं झाली. 'चुकलं' एवढा एक शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. वर मलाच म्हणालास, कुंपण तू घालायचं होतंस." तो थुंकला. "तुला सांगितलं नाही तिने?"

"नाही."

"म्हणजे तीही तुला ओळखून होती."

मी करवत उचलून चालायला लागलो. मागून तो ओरडला, "टेकडी देतो!"

मी थांबलो.

"एका अटीवर. सातही घरांना एकत्र बोलव आणि त्यांच्यासमोर सांग, कॉरिनची रेघ चुकली होती आणि एल्विनने तिला आधीच सांगितलं होतं. तुझ्यामुळे दुकानात लोक माझ्याकडे पाठ फिरवून उभे राहतात. माझ्या झाडांनी काय पाप केलं?"

"मेलेल्या बाईला खोटं पाडायचंय तुला?"

"मला खरं बोललेलं ऐकायचंय. एकदा. तुझ्या, लाइल टेट्रोच्या तोंडून."

नऊ दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. तिची रेघ चुकली म्हणायचं, तेही तिला हसलेल्या लोकांसमोर. नाही म्हणायचं तर ते जाळं दर मेपासून ऑक्टोबरपर्यंत मेलेलं राहणार, आणि दर वर्षी पानं फुटली की लोक म्हणणार, ते कॉरिनचं खूळ. दोन्हीकडून ती हरणार होती. नवव्या दिवशी बर्निस कुंपणापाशी येऊन म्हणाली, "लाइल, ते चालू होणार आहे की नाही, एकदाचं सांग. होणार नसेल तर तो डबा काढून तिथे माझी कोंबडी बसवते." मी एल्विनला फोन केला. "रविवारी, बर्निसकडे," म्हटलं आणि ठेवून दिला.

रविवारी जेवण झाल्यावर सगळे बर्निसच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे होते. टेबलावर बीन्सचं भांडं आणि काळसर पाव. एल्विन दाराला टेकून, हाताची घडी घालून. त्याने काही खाल्लं नव्हतं.

मी उभा राहिलो. "कॉरिनची रेघ चुकली होती," मी म्हटलं.

बर्निसने बीन्सच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"मधे झाडं आहेत, पानं येतील, हे एल्विनने तिला तेव्हाच सांगितलं होतं. त्याच्या झाडांचा दोष नाही. मी तुम्हाला तसं सांगितलं, ते खोटं होतं."

एल्विनने मान हलवली. त्याचं काम झालं होतं. माझं झालं नव्हतं.

"मग तिने त्याची टेकडी मागितली," मी म्हटलं. "हा नाही म्हणाला."

"हे सांगायचं ठरलं नव्हतं!" दाराला टेकलेला एल्विन सरळ झाला.

"न सांगायचंही ठरलं नव्हतं."

"नाही का म्हणालास रे?" बर्निसने त्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तो दगडासारखा उभा राहिला, आणि सगळे माझ्याकडे वळले.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "माझ्या कालवडींनी याच्या नळ्या तुडवल्या होत्या. मी चुकलं म्हणालो नाही. त्याचा राग त्याने तिच्यावर काढला."

शेवटचे सहा महिने तिला साठ मैल नेऊन आणलं मी. गाडीत तिला उलट्या व्हायच्या. टेकडीवर डबा असता तर ती घरी खुर्चीत बसून राहिली असती. हे मी मोठ्याने बोललो नाही. बोलायची गरज नव्हती, बर्निस खाली बघायला लागली होती.

मग तीच म्हणाली, "गावसभेआधी हिवाळ्यात ती रेघ तपासायला गेलो, तेव्हा वाचनालयापाशी दुर्बीण माझ्या हातात होती. कॉरिनला धाप लागत होती, ती गाडीत बसून होती. तिने विचारलं, मोकळं दिसतंय का? मी म्हटलं, आरपार. ऐंशी वर्षं या झाडांखाली काढली मी, आणि पानं येतात हे विसरले."

"सायलोवर खुणेचा फुगा मी धरला होता," क्लेटन म्हणाला. तो खालच्या घरातला, लाकडाचा व्यापार करतो. "दिवसभर झाडंच मोजतो मी. माझ्याही डोक्यात आलं नाही."

"ते काही असो, मी सांगितलं होतं!" एल्विनचा चेहरा लाल झाला होता.

"हो रे बाबा, सांगितलं होतंस," बर्निस म्हणाली. "तुझ्याएवढा शहाणा या रस्त्यावर कुणी नाही. बस, बीन्स घे."

तो बसला नाही. दार उघडून निघाला, आणि उंबऱ्यावरून मला म्हणाला, "मंगळवारी सकाळी आठ. नळ्यांवर पाय पडला तर हाकलून देईन."

मंगळवारी आठला मी टेकडीवर होतो. सोबत खांब, दोन तबकड्या, सौर पट्टी, बॅटरी. तो आधीच येऊन खांबासाठी खड्डा खणून बसला होता. खड्डा माझ्या मापापेक्षा हातभर खोल. खांब उभा केला, दगड ठोकले, शिडी लावली. जमीन उतरती, शिडी डुगडुगत होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

मी वर चढलो. एका बाजूला वाचनालयाचं छप्पर, दुसऱ्या बाजूला माझा सायलो. दोन्ही असे दिसत होते की हात पुढे करून धरावेत. कानाशी धरलेल्या फोनमधून प्रिसिला आकडे वाचत होती. वजा सत्तर. वजा सहासष्ट.

"लाइल," खालून आवाज आला.

"काय आहे?"

"मी आत्ता हात सोडला ना, तर कुणी मला विचारणारसुद्धा नाही. म्हातारा होता, चढायला नको होतं, म्हणतील."

"सोड," मी म्हटलं. "पण आधी हा बोल्ट आवळू दे."

वजा अठ्ठावन्न. मी पान्याला शेवटचा पीळ दिला. दुसरी तबकडी सायलोकडे वळवली, तोही आकडा आला. प्रिसिलाचा फोन ठेवताच बर्निसने घरातून फोन केला आणि हॅलो न म्हणताच सांगितलं, "आला!"

मी एकेक पायरी उतरलो. शिडी हलली नाही. पाय जमिनीला लागला तेव्हा त्याने हात काढले, तळवे पँटला पुसले.

"चालू झालं?"

"झालं."

"मग उतर माझ्या टेकडीवरून."

मी हत्यारं पिशवीत भरली. "कालवडींचं," मी म्हटलं, "चुकलं माझं."

"अठरा वर्षं उशीर झाला," तो म्हणाला आणि शिडी खांद्यावर घेऊन चालायला लागला. "आणि जिला हे सांगायला हवं होतंस, ती गेली."

मी त्याला अडवलं नाही. तो खरं बोलत होता, आणि मला त्याचा तेव्हाही रागच आला.