मावळतीच्या मोटेचं चाक

मी एक जुनं मोटेचं चाक आहे. मित्रांनो, मोट तुम्ही पाहिली नसेल. कातड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची आणि बैलांनी ओढून वर काढायची, ती मोट. तिचा नाडा, म्हणजे जाडजूड दोर, माझ्या अंगावरून सरकायचा. मी कुरकुरायचो, बैल चालायचे आणि रान भिजायचं. आता मी इंदापूरच्या कोर्टात, जप्त सामानाच्या खोलीत पडून आहे. शेजारी एक फोडलेलं कुलूप आणि एक कोयता आहे. कोयता मारामारीच्या खटल्यातला. त्याच्याशी काय बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

माझा जन्म बावडा गावातला. दोन भावांनी मिळून विहीर खणली आणि सोपान सुताराने एकाच बाभळीतून दोन चाकं घडवली. थोरल्याची मोट उगवतीला, तिथं माझा जोडीदार बसला. धाकट्याची मावळतीला, तिथं मी. पहाटे दोन्ही मोटा सुरू झाल्या की आमची कुरकुर शिवारभर ऐकू जायची. दसऱ्याला आम्हाला खाली उतरवून, वरवर धूळ पुसून, गेरू लावून एकाच पाटावर मांडायचे. थोरल्या घरची आई दोघांना कुंकू लावायची आणि म्हणायची, "जोडीनं ऱ्हावा रं बाबांनो." ती चाकांना म्हणायची की माणसांना, हे मी कधी विचारलं नाही.

पुढं विजेच्या मोटारी आल्या. गरज सरो नि वैद्य मरो! जोडीदार थोरल्या घरच्या गोठ्यात गेला, मी धाकट्या घरच्या. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही.

दोन्ही भाऊ गेले. थोरल्याचा मुलगा आप्पासाहेब कारभार पाहू लागला. धाकट्याचा मुलगाही अकाली गेला. मागं राहिली त्याची बायको कौसल्या आणि लहानगी संस्कृती. नव्वद सालानंतर सगळीकडं ऊस झाला आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला. अशाच एका उन्हाळ्यात आप्पासाहेबाने कौसल्येची मोटार उचलून बांधावर ठेवली.

"भावजी, आमच्या पाळीचं पाणी हाय की ह्यात," कौसल्या म्हणाली.

"कसली पाळी? उताऱ्यावर विहीर माझ्या नावावर हाय. आजवर मेहेरबानीनं दिलं, आता न्हाय."

कौसल्येच्या भुईमुगाने माना टाकल्या. त्या रानाशिवाय मायलेकींना दुसरा आधार नव्हता. तिने इंदापूरच्या कोर्टात दावा लावला. वकिलांनी विचारलं, "उतारा त्यांच्या बाजूनं आहे. विहिरीवर तुमचीही मोट होती, याला पुरावा काय?"

"चाक हाय की!" ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं नाव काढलं, मित्रांनो. मला फार बरं वाटलं. पण मग कौसल्येने काय करावं? मळकं चाक साहेबांपुढं कसं न्यायचं, म्हणून तिने मला विटकरीने घासघासून धुतलं. नाड्याने पडलेले काळे वळ, वर्षांचं वंगण, सगळं गेलं. वर तिने ताजा गेरू फासला. माझी खरी साक्ष त्या वळांत होती आणि ती मोरीतून वाहून गेली. मी ओरडून सांगणार तरी कसा?

तारखेच्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली आणि मला काखेत मारून कौसल्या उशिरा पोचली. दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी दावा गैरहजेरीत काढून टाकायला सांगितलं होतं. न्यायाधीश म्हणाले, "बाई आल्या आहेत. उशिरावरून दावा काढला, तर पाणी कुणाचं हा प्रश्न तसाच राहील. गुणदोष बघूनच निकाल देऊ."

कौसल्या पिंजऱ्यात उभी राहिली. आप्पासाहेबाच्या वकिलांनी माझ्यावरून बोट फिरवलं, ते लाल झालं. "हे चाक तुम्ही कालच रंगवलंय?"

"व्हय."

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दरसाल दसऱ्याला रंगवायचोच की," कौसल्या गोंधळून म्हणाली. "दोन्ही चाकं एका पाटावर मांडायचो. कुंकू भावजींच्या आई लावायच्या."

न्यायाधीश हसले नव्हते. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं आप्पासाहेबाची साक्ष झाली. कौसल्येच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "दसऱ्याला तुमच्या आई एका पाटावर दोन चाकं पुजायच्या, हे खरं की खोटं?"

आप्पासाहेबाने आपल्या वकिलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खोटं" म्हणायला तोंड उघडलं असावं. पण आईच्या हातचं कुंकू खोटं कसं म्हणणार? खाली मान घालून तो म्हणाला, "खरं हाय. आई पुजायची."

"दुसरं चाक कुठं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जाळलं, साहेब. गुऱ्हाळाच्या चुलवाणात."

माझा जोडीदार गेल्याचं मला असं भर कोर्टात कळलं. पुढचं बराच वेळ मला ऐकू आलं नाही.

नंतर कोर्टाचा माणूस विहिरीवर जाऊन आला. मावळतीला घाणेरीच्या जाळीखाली मोट रिकामी करायचं दगडी थारोळं सापडलं. निकालात न्यायाधीश म्हणाले, "उतारा जमीन कुणाची ते सांगतो. पाणी कोण घेत होतं, ते सांगत नाही. हे चाक घासून रंगवलेलं आहे, त्याला मी फार वजन देत नाही." दोन बैलांचा भार सोसलेल्या मला वजन नाही! पण त्यांचं खरं होतं. "मात्र प्रतिवादीने स्वतःच्या विरुद्ध जाऊन पूजा मान्य केली आणि थारोळंही तेच सांगतं. मेहेरबानीने पाणी घेणाऱ्याचं चाक कुणी आपल्या चाकाशेजारी पुजत नाही. विहिरीत वादीचा अर्धा हिस्सा आहे."

कौसल्येचं रान पुन्हा भिजलं. आप्पासाहेब वरच्या कोर्टात गेला नाही, पण बोलणंही उरलं नाही. दोन्ही घरं आपापल्या पाळीला मोटार लावतात आणि तोंड फिरवून निघून जातात.

अपिलाची मुदत सरल्यावर कौसल्या मला न्यायला आली. दसरा तोंडावर होता. शिपायाने मला बाहेर काढलं. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि तशीच बसून राहिली.

"एकट्याला न्हेऊन पाटावर कसं मांडू?" ती शिपायाला म्हणाली. "भावजी आले तर दोघं मिळून न्हेऊ. तवर ऱ्हाऊ द्या." डोळे पुसत ती गेली. मी पुन्हा कोयत्याशेजारी आलो.

दसऱ्याला कोर्टाला सुट्टी असते. त्या दिवशी या खोलीचं दार उघडत नाही. मी कान देऊन असतो, तरी.

मित्रांनो, कोर्टाने जेवढं समोर आलं तेवढं तोलून पाणी वाटून दिलं. त्याचं काम त्याने चोख केलं. पाट मांडायचं काम त्याचं नव्हे. तुम्ही कधी बावड्याला गेलात, तर आप्पासाहेबांच्या घरी जा. त्यांना म्हणावं, आईनं कुंकू लावलेलं एक चाक अजून शाबूत आहे, ते जाळू नका. वहिनी वाट बघतायत. आणि मीही.