गव्हर्नरची मर्जी

रामचंद्रकाका गुहागरचे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात वेल्डर. कामगारांच्या क्रिकेट स्पर्धेत तीन वर्षं तेच अंपायर. गेल्या महिन्यात त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांना रनआउट दिलं. पुढच्याच रविवारी अध्यक्षांनी अंपायर बदलला. गोदामातला तरुण उझैर स्टंपमागे उभा राहिला.

ईदच्या सुट्टीत ते अल ऐनला चुलतभावाकडे आले. पुतणी रिद्धी शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती.

"काय वाचतेस गं?"

"कलोनियल न्यूयॉर्क, काका. सतराशे तेहतीस. गव्हर्नरच्या केसमध्ये चीफ जस्टिस त्याच्या अगेन्स्ट गेला, सो गव्हर्नरने त्याला काढलं. आणि एक यंग जज बसवला."

काकांच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. "असं काढता येतं?"

"येस. जजची नोकरी इंग्लंडच्या राजाच्या मर्जीवर होती, आणि तिथे राजाच्या वतीने गव्हर्नर."

"मग तो गप्प बसला?"

"नो! इलेक्शन लढला, जिंकला. दोन पार्टीज झाल्या, गव्हर्नरची आणि त्याची. त्याचे लोक म्हणायचे, जज नीट वागतोय तोवर त्याला काढायचं नाही."

"हे पुन्हा वाच बरं," म्हणत काका खुर्ची ओढून बसले. जेवण गार झालं तरी त्यांचे प्रश्न संपेनात.

परतल्यावर त्यांनी मीटिंग मागितली. तीसेक माणसांसमोर उभं राहून ते म्हणाले, "अंपायर नीट काम करतोय तोवर त्याला कुणी काढायचं नाही. अध्यक्षांनीसुद्धा नाही." हात वर झाले, ठराव पास झाला.

अध्यक्ष हसले. "मंजूर. म्हणजे आता उझैरला कुणी काढू शकत नाही."

हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी रिद्धीला फोन लावला. "त्या दुसऱ्या जजचं पुढे काय झालं, बघ जरा."

बऱ्याच वेळाने ती हसत म्हणाली, "काका, काही वर्षांनी त्यालाच तशी पक्की अपॉइंटमेंट मिळाली!"

"त्यालाच?" काकाही हसले. "आणि पहिल्याचं?"

"तो दुसरीकडे गव्हर्नर झाला. न्यू जर्सीला."

पुढच्या रविवारी काका तीन वर्षांनी बॅट घेऊन मैदानात उतरले. सहा धावा झाल्यावर कीपरने चेंडू पकडला; तो बॅटच्या कडेला लागला की नाही, त्यांनाही नक्की कळलं नाही. उझैरने क्षणभर विचार केला आणि बोट वर केलं.

समोरची अध्यक्षांची टीम जल्लोषात ओरडली. काकांनी उझैरकडे पाहून मान हलवली आणि बॅट काखेत मारून चालू लागले.