नलूच्या लग्नातलं चाकाचं वाद्य

नलूचं लग्न ठरल्याचं मला दिघीच्या तरीवर कळलं, तेही तरीवाल्याकडून. पोटच्या मुलीचं लग्न तरीवाल्याकडून ऐकणारा बाप अख्ख्या आगरदांड्यात मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी चौल गाठलं. नलू तिथे मावशीकडे वाढली. तिची आई काशी बाळंतपणात गेली तेव्हा मी आगबोटीवर सुतार होतो. पत्र मला चार महिन्यांनी मिळालं. पुढेही मी बोटीच करत राहिलो, कारण रिकाम्या घरात पाऊल टाकायची छाती नव्हती. चोपन्न साली कायमचा परतलो तोवर पोर पंधरा वर्षांची झाली होती. शकूला, म्हणजे मावशीला, ती आई म्हणायची आणि मावशीच्या नवऱ्याला, धर्माजीला, बाबा. मला ती काहीच म्हणायची नाही. मी दारात दिसलो की आत जाऊन सांगायची, "ते आलेत."

"कन्यादानाला मी नि शकू बसतो," धर्माजी म्हणाला. माणूस सरळ, आडपडदा नाही. "जोडपं लागतंय, अंबाजी. तुला ठाव हाय."

ठाऊक होतं. विधुराला तिथे पाट नसतो. "मंग मी कुठं बसू?" मी विचारलं.

"पाव्हण्यांत बस की!"

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. पाहुण्यांत बसून बुंदी खायला बाप कशाला पाहिजे? त्या लग्नात मला माझं असं एक काम हवं होतं. कसलंही चाललं असतं.

तेव्हा मार्सेल्सच्या धक्क्यावरचा म्हातारा आठवला. त्याच्या मांडीवर एक लाकडी पेटी असायची. एका हाताने दांडा फिरवला की पेटीतलं चाक तारांना घासायचं, दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबल्या की सूर बदलायचे. एक तार मात्र सारखी एकाच सुरात घुमत राहायची. बोट धक्क्याला होती ते तीन दिवस मी त्याच्या शेजारी बसून काढले. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. तरी त्याने झाकण उघडून सगळं दाखवलं. वाद्याचं नाव काही कळलं नाही. पण माझ्यासाठी इतका वेळ काढलेला दुसरा माणूस मला आठवत नाही.

लग्नाला चार महिने होते. फणसाच्या लाकडाची पेटी केली, बांबूच्या पट्ट्या केल्या, रेवदंड्याच्या भजनी मंडळाकडून तंबोऱ्याच्या जुन्या तारा आणल्या. चाक सागाचं, फिरवलं तर केसभरही डुगडुगत नव्हतं. मग मी तेच केलं जे आम्ही होड्या बांधणारे डोळे मिटून करतो. नवं लाकूड दिसलं की आम्ही त्याला माशाचं तेल पाजतो. चाकाला तीन हात दिले, वाळवलं आणि दांडा फिरवला.

आवाजच नाही. चाक तारांखालून गुपचूप सरकत होतं. आठ दिवस मी तारा आवळत बसलो, एक तुटून गालावर बसली. वास मात्र असा सुटला की गल्लीतली सगळी मांजरं माझ्या दारात.

मांजरांच्या मागून ठमाबाई आली. ती गावची धवलारीण. लग्नविधींना लागणारी गाणी, म्हणजे धवले, तिच्याशिवाय कुणी सुरू करत नाही. तिने चाकावरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं.

"तेल पाजलंस व्हय? अरं मेल्या, कुरकुरणारी बिजागरी गप करायला तेल घालत्यात. तुला तर ह्याला बोलतं करायचं हाय ना?"

जन्मभर लाकडाशी झटलेल्या माणसाला हे तिने सांगावं! ते चाक मी चुलीत घातलं. दुसरं केलं, कोरडं ठेवलं, होडीच्या सांध्यांसाठी आणलेली राळ कुटून त्याला चोळली, तारांना कापसाचा पातळ वेढा दिला. वाद्य ओरडलं. गोड वगैरे मुळीच नाही, पण ओरडलं.

"मला एक धवला शिकीव," मी ठमाबाईला म्हटलं.

"तो बायांचा. बाप्यानं वाजवायचा न्हाय."

"नलूच्या लग्नाला पायजे."

तिने सूप पुढ्यात ओढलं. मग सुका जवळा निवडता निवडता गुणगुणू लागली. रोज एक ओळ. दांडा एका चालीने फिरवणं मला जमेना. माझा हात तापट, रागात फिरवला की वाद्य किंचाळायचं. दीड महिन्याने एक चाल बसली, पाठवणीची. घरात ऐकायला कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी मी एकटाच मुलीची पाठवणी करायचो आणि एकटाच रडायचो.

लग्नाच्या दिवशी मांडवात जागा मागायचा धीर झाला नाही. बाहेर सनईवाल्यांच्या सतरंजीवर टोकाला बसलो. आत कन्यादान झालं. खांबाआडून मला नलूचं फक्त कोपर दिसलं.

पाठवणीच्या वेळी सनईवाला पान लावायला थांबला, तेवढ्यात मी दांडा फिरवला. लोक वळून बघू लागले. चौलच्या धवलारणीने चाल ओळखली आणि धवला उचलला, मागून सगळ्या बायका गाऊ लागल्या. हात एकदाही चुकला नाही. शकूच्या गळ्यात पडून नलू रडत होती. आपल्या सुरावर ती रडली, एवढं आपल्याला पुरे, असं मी मनाला सांगितलं. पुरे नव्हतं.

निघताना मुलीने वाजंत्र्यांना आपल्या हाताने नारळ द्यायचा, ही धर्माजीच्या घरची रीत. नलू ताट घेऊन आली. सनईवाला झाला, सूर धरणारा झाला, ढोलवाला झाला. पुढे मी. ती थांबली. ताटात एकच नारळ उरला होता.

"आई, यांना?" तिने मागे वळून विचारलं.

"दे की," शकू म्हणाली. "वाजवलंय त्यांनी."

मी वाजंत्री नाही गं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ती ताट घेऊन परत फिरली असती, आणि मला तिला समोर अजून थोडा वेळ बघायचं होतं. मी दोन्ही हात पुढे केले. नारळ देताना तिची बोटं माझ्या हाताला लागली. मग ओळीतले बाकीचे जे म्हणाले होते तेच मीही म्हणालो.

"सुखी ऱ्हावा, ताई."

"तुमीपन," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या मागे चालू लागली.