नागुबाई हाटेलात जेवली

नागुबाईनं वहाणा दाराबाहेर काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि चन्नप्पाच्या हाटेलाचा उंबरा ओलांडला. आत जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबले. त्या हाटेलात वहाणा कुणी काढत नसे, आणि बाईमाणूस तर अजून एकही त्या दारातून आत आलेलं नव्हतं.

तिनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. भिंतीकडेचं बाकडं रिकामं होतं, त्यावर ती बसली. पण पाय खाली लोंबकळत ठेवून जेवायचं तिला पटेना. तिनं लुगडं सावरलं, पाय वर घेतले आणि बाकड्यावर मांडी घातली. मग समोरच्या टेबलाच्या फळीवर तळहात दाबून पाहिला, जशी ती रोज परातीतल्या पिठावर दाबून पाही. फळी हलत होती. हे एक बरं झालं, असं तिच्या तोंडावर उमटलं.

चन्नप्पा गल्ला सोडून लगबगीनं पुढं आला.

"या, या, आक्का! पाय लागले तुमचे माझ्या हाटेलाला."

"पाय ऱ्हाऊ दे. पोट घेऊन आले. जेवायला वाढ."

परभणीच्या रेल्वेफाटकापल्याड जी वस्ती होती, तिला वस्तीपण आणलं ते जिनिंगनं आणि नागुबाईच्या खानावळीनं. कापसाच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून माणसं यायची, हमाल, मुकादम, अडतीवरचे मुनीम, आणि त्यांना भाकरीचं ठिकाण एकच. नवरा वारल्यावर नागुबाईनं चूल पेटवली ती आजवर विझू दिली नव्हती. सारवलेल्या जमिनीवर पाट, पाटापुढं पितळी ताट आणि नागुबाई वाढायला. तिच्या पंगतीत मागायची रीत नव्हती. खाणाऱ्याला तोंडानं मागावं लागलं तर वाढणारीचे डोळे कशाला आहेत, असं तिचं म्हणणं. माणूस दारातून आत येताना कसा पाऊल टाकतो, त्यावरून ती त्याची भूक ओळखी आणि विचारल्यावाचून ताटात घाली. टाकायचीही रीत नव्हती. लिंगायताचं घर, ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. शेवटचं शीत उचलून, ताट धुऊन ते पाणी पिऊनच माणूस उठे, मग तो कुठल्याही जातीचा असो.

चन्नप्पा हैदराबादेत काही वर्षं हाटेलात काढून परतला आणि त्यानं स्टेशनच्या वाटेवर हे दुकान थाटलं. वर उर्दूत पाटी, खाली मराठीत. नागुबाईला दोन्ही सारख्याच. तेव्हापासून तिच्या ओळीतले पाट एकेक करून भिंतीला टेकून उभे राहू लागले. मागच्या आठवड्यात चन्नप्पा स्वतः तिच्या घरी आला, पाया पडला आणि अदबीनं म्हणाला, "आक्का, आता चूल बंद करा. माझ्या भटारखान्यात या. हाताखाली दोन बाया देतो, तुमी नुसता हुकूम करायचा." पोखर्णीहून आलेल्या भावानं, सांबप्पानंही तेच धरलं. जा म्हणाला, न्हाईतर माझ्याकडं चल, पण एकटीनं धुरात कितीक दिवस काढतीस?

आज उत्तर द्यायचं होतं. उत्तर तिचं ठरलेलं होतं. फक्त नाही म्हणण्याआधी या हाटेलात काय शिजतं ते एकदा जिभेवर घ्यावं, म्हणजे नाही म्हणताना चार गोष्टी तोंडावर सांगता येतील, एवढ्यासाठी ती भर दुपारी, चारचौघांच्या देखत आली होती. तिथला भटारी आपल्याच जातीतला, गळ्यात लिंग बांधलेला आहे, ही खात्री तिनं आधीच करून घेतली होती.

चन्नप्पाचा पुतण्या भुजंग खांद्यावर फडकं टाकून आला.

"काय आणू, आक्का?"

"जे असंल ते."

त्यानं जर्मनच्या ताटलीत भाकरी, पिठलं आणि वाटीभर आमटी आणून ठेवली. नागुबाईनं आधी भाकरीची कड चिमटीत धरली. जाड. मधे पापुद्रा सुटलेला, पण कडेला पीठ तसंच. पिठल्यात गुठळी. आमटीला रंग होता, येसर मसाल्याचं पीठ मात्र नुसतं वरवर भुरभुरलेलं; आमटीच्या पोटात ते गेलंच नव्हतं. ती सावकाश, समाधानानं जेवत होती. इतकं वाईट जेवण तिला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

भाकरी संपली. ती हात आवरून बसली. भुजंग तिच्यासमोरून पाण्याचे पेले घेऊन गेला, परत आला, पुन्हा गेला. तिच्या ताटात त्यानं पाहिलंसुद्धा नाही. वाढणाऱ्याला डोळे नाहीत, हेही तिनं मनात नोंदवून ठेवलं.

इतक्यात आश्रुबा आला. जिनिंगवरचा हमालांचा मुकादम, पटक्याला कापूस चिकटलेला. कित्येक वर्षं तो नागुबाईच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसे आणि दोन महिन्यांपूर्वी न सांगता यायचा बंद झाला होता. आत आला तो तिच्याकडं पाठ करूनच बसला. बाई आत असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"बोला मामा, काय आणू?" भुजंगनं विचारलं.

"रोजचंच आण बाबा. मऊ भात अन् वर वरण. भात जरा गाळ होऊ दे म्हनावं. भाकर नको."

नागुबाईची मान वर झाली.

"आश्रुबा."

आवाज ओळखून तो बाकड्यावरून असा उठला, जणू जिनिंगचा मालकच मागं उभा आहे.

"आक्का! तुमी? हितं?"

"जेवायले. तू बी जेव. इकडं येऊन बस."

तो आला, समोर टेकला, पण अर्ध्याच बाकड्यावर. डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला.

"भाकर नको म्हनलास?"

"दात न्हाईत, आक्का. म्होरचे हायेत ते नुसते दाखवायचे. मागचे समदे गेले."

"कवा गेले?"

"लय वर्सं झाली. तुमच्याकडं आलो तवाच हालायले व्हते."

नागुबाईनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. या माणसासाठी ती रोज एक भाकरी शेवटी चुलीतल्या आरावर उभी करी, बोटांनी फिरवत फिरवत, कड वाजेपर्यंत कडक. दुसऱ्या कुणालाही ती भाकरी मिळत नसे.

"मग कडक भाकर? पहिल्या दिशी तू खाल्लीस अन् डोळे मिटलेस. ह्या डोळ्यानं पाहिलंय मी."

आश्रुबा पटक्याशी चाळा करत राहिला.

"दाढ ठणकायली व्हती, आक्का."

भुजंग फिसकन हसला. नागुबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तो टेबल पुसायला लागला.

"ताट तर रोज साफ असायचं तुझं."

"सोग्यात टाकायचो. धोतराच्या." आता बोलायला लागलाच होता, तर त्याला थोडा धीर आला. "जिनिंगच्या गाडीचा बैल हाय एक, त्याला घालायचो. लय खूश व्हता त्यो. मी हाटेलात यायलो तवापासून माझ्याकडं बघत बी न्हाई."

शेजारच्या बाकड्यावरचा कुणीतरी पाणी पिता पिता ठसकला. नागुबाई हसली नाही. तिनं उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली. टोकांना चटके बसून बसून कातडं गुळगुळीत झालं होतं.

"सांगितलं कामून न्हाई रं?"

"कवा सांगायचं?" आश्रुबाच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जिनिंगमधल्या कापसाच्या गासड्यांबद्दल बोलावं तसा तो बोलला. "तुमी इचारायच्या न्हाईत. अन् तुमच्याकडं तोंडानं मागायची रीत न्हाई. तुमी एवढ्या मायेनं घालायच्या, मग मी खायचो. म्हंजी, बैल खायचा."

त्याचा भात आला. वाफाळता, पाणी सुटलेला. नागुबाईनं असला भात कुणाच्याही ताटात घातला नसता. आश्रुबानं वरण कालवलं आणि खाऊ लागला. पहिल्या दोन घासांपर्यंत तो अंग चोरून खात होता. मग विसरला. त्याचे डोळे मिटले.

नागुबाई बघत राहिली.

"आक्का, आणखी काय आणू?" भुजंग आला होता. या वेळी तो जरा लांबच उभा होता.

"काय हाय?"

"भाकर हाय, भात हाय, वरण हाय. मेथीची भाजी, वांग्याचं भरीत. दही बी हाय. तुमाला काय आवडतंय ते सांगा, आणतो."

तिनं तोंड उघडलं. जिनिंगच्या भोंग्यावर आवाज चढवून माणसं जेवायला बोलावणारी बाई. पण शब्द आला नाही. चुलीपाशी, सगळी उठल्यावर, जे उरे ते ती खाई. बहुतेक आमटीच उरायची. कधी पिठल्याची खरवड. मेथी उरली तर मेथी. आवडायचा प्रश्न त्यात कुठं नव्हताच. तिनं मनातल्या मनात एकेक पदार्थ पुढं ओढून पाहिला, आणि प्रत्येकापाशी तिला दुसऱ्याच कुणाचं तोंड आठवलं. हे पंगतीतल्या लिंबाजीला, हे मुंजाजीला. तिच्या वाटेचं असं त्यात काही निघेना.

भुजंग थांबला होता. खांद्यावरचं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊनही तो थांबला होता. त्याला घाई नव्हती. हेच तर त्याचं काम होतं.

"भरीत आण," ती शेवटी म्हणाली.

तिच्या पंगतीत भरीत कधी उरलं नव्हतं. हयातभर वांगी भाजली, सोलली, कांदा घालून कालवली, आणि तिच्यापर्यंत येता येता पातेलं पुसलेलं असे. चाखून पाहण्याचीही तिला गरज नव्हती. मीठ तिचा हात जाणे. भुजंगनं आणलेला घास तिनं जिभेवर ठेवला आणि सावकाश, कुणाचा तरी निवाडा करायला बसल्यासारखा चावला. हे भरीत बरं होतं. तेल बेताचं, वांगं नीट भाजलेलं. चूक काढायला जागा नव्हती.

"कसं हाय?"

तिनं आणखी एक घास घेतला. खात्री करून घेतली.

"न्हाई आवडत मला," ती म्हणाली.

"बिघडलंय का?"

"चांगलं झालंय. मलाच न्हाई आवडत." आणि हे बोलताना ती इतकी टवटवीत दिसली, की आश्रुबा घास हातात धरून तिच्याकडं पाहू लागला.

ताटात टाकायची रीत मात्र नव्हती. तिनं ते न आवडणारं भरीत शेवटपर्यंत खाल्लं, ताटलीत पाणी ओतलं, बोटानं कड फिरवून धुतली आणि प्याली. मग मांडी सोडून खाली उतरली.

चन्नप्पा हात जोडून दाराशी उभा होता. बाई एवढं जेवली म्हणजे काम झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मग आक्का, कवापासून येताव?"

"यायची न्हाई मी."

त्याचे हात खाली आले. "कामून? जेवनात काई खोट निघाली का?"

"लय. भाकरीची कड जाड, पिठल्यात गुठळ्या, आमटीत येसर नावाला. टेबल डुगडुगायलंय. पन त्यानं तुझं काईच अडायलं न्हाई." तिनं मानेनं भुजंगकडं खूण केली. "तुझा मानूस इचारतो."

चन्नप्पाला काही उमगलं नाही. "आता हाटेल म्हनल्यावर इचारावंच लागतं की, आक्का. त्यात काय? न इचारता आणलं अन् गिऱ्हाइकाला नको असलं, तर?"

"तेच की," नागुबाई म्हणाली. वहाणा पायात सरकवल्या आणि फाटकाच्या दिशेनं चालू लागली.

वाटेत जिनिंगपाशी गाडीचे बैल सोडलेले होते. त्यातला कुठला तो, हे तिला कळलं नाही. तरी एकाजवळ ती क्षणभर थांबली, त्याच्या भरल्या कुशीवर थाप मारली आणि पुढं गेली.

दिवेलागणीला पंगत बसली. ओळ आखूडच होती. पहिल्या पाटावर लिंबाजी, अडतीवरचा मुनीम. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, शब्दाला महाग. त्याच्याशेजारी मुंजाजी, मग आणखी दोघं. ताटं मांडली गेली, पाण्याचे तांबे भरले गेले. नागुबाई चुलीकडून भाजीचं पातेलं घेऊन आली, लिंबाजीच्या ताटापुढं वाकली आणि सवयीनं डाव भाजीत बुडवला. तो तसाच वर धरून ती थांबली.

"काय वाढू?" ती म्हणाली.

लिंबाजीनं आधी आपल्या मागं पाहिलं. मग मुंजाजीकडं पाहिलं. आपल्या हातून काही चुकलं का, हे तो आठवू लागला.

"तुमाला ठावं हाय की, आक्का."

"न्हाई. म्हनून तर इचारायले."

डावातली भाजी थेंब थेंब पातेल्यात परत गळत होती. लिंबाजीनं धोतर सारखं केलं, ताट जरासं पुढं सरकवलं, पुन्हा मागं घेतलं. नागुबाई हलली नाही. वाकून कंबर अवघडली होती, पण तिनं डाव खाली केला नाही.

"मेथी नको," तो अखेर इतक्या हळू म्हणाला, की ते तिला ओठांवरूनच वाचावं लागलं. "कडू लागती मला."

"कवापासून?"

"ल्हानपनापासून."

नागुबाईनं मान हलवली. डावातली मेथी पातेल्यात सोडली, त्याच्या ताटात आमटी आणि भाकरी वाढली आणि एक पाऊल बाजूला सरकली. तिथं मुंजाजी ताट दोन्ही हातांनी धरून, ताठ बसून, केव्हाचा घसा खाकरत होता.