लोणंदचा मालधक्का

मुकादम जोतिबानं पोती उचलायचा आकडा उपसला, तेव्हा धनगर कोंडीबाच्या खांद्यातून आधी कांद्याचं सालपट बाहेर आलं, मग रक्त.

“मालधक्का आमचा हाय. परत दिसलास तर नरड्यात घालीन.”

भोवती हमालांच्या दोन्ही टोळ्या, जोतिबाची आणि धनगरांची, पोत्यांवर एकमेकांना लोळवत होत्या. कुणाचा दात गेला, कुणाचं मनगट.

रूळ रुंद झाल्यापासून लोणंदला बरकत होती. चहाच्या एका टपरीच्या चार झाल्या, दोन वखारींच्या सतरा. दुष्काळानं माणदेशातली मेंढरं मारली, तसे धनगरही हमालीला आले. गावानं सगळ्यांना सामावून घेतलं. जागा काय ती एकट्या जोतिबाला अपुरी पडली.

तिसऱ्या दिवशी त्याची टोळी पोलिसांच्या धाकानं पांगलेली. पोलीस मात्र आलेच नाहीत. जोतिबानं त्याचा संबंध आपल्या दराऱ्याशी लावला.

अडते नानासो धोतर सावरत आले. “मालगाडीची अर्धी वाघीण रिकामी हाय. दुपारपतोर भरली न्हाई, तर मी मिरजेची टोळी आणतो. मग बसा मिशा पिळत.”

तेवढ्यात सिद्धू आला. कोंडीबाचा पाठचा भाऊ. एकटाच. त्याच्याही हातात आकडा होता.

एकानं पोतं उचलायचं, दुसऱ्यानं पाठ द्यायची. दुसरी रीतच नव्हती. धंदा टिकवायचा तर याच्यापुढं वाकायला हवं होतं. जोतिबानं मुंडासं मानेवर ओढून घेतलं आणि वाकला. मागं आकडा पोत्यात रुतल्याचा आवाज झाला. त्यानं डोळे मिटले.

पोतं अलगद पाठीवर बसलं.

“बसलं का नीट, मुकादम?”

“व्हय.” त्याला खाली सिद्धूचे पाय तेवढे दिसत होते. “कोंडीबा कसा हाय रं?”

“पहाटं गेला. साताऱ्याच्या दवाखान्यातनं मयत दुपारी येतंय. तवर वाघीण भरू.”

जोतिबाच्या पाठीवरचं पोतं कललं. सिद्धूनं मागून पोत्याला हात लावला.

“फौजदारानं लय खोदून इचारलं त्याला. वाघिणीतनं पडलो म्हनला. मला म्हनला, मुकादमाचं नाव घेतलं तर काम बंद पडंल, मिरजवाले येत्याल, समद्यांच्याच चुली इझतील.”

जोतिबा फळीवरून वाघिणीत गेला. पोतं थप्पीला लावलं. बाहेर आला, तेव्हा सिद्धू गुडघ्यांवर हात टेकून, त्याच्याकडं पाठ करून वाकलेला होता.

“उचला मुकादम.”

जोतिबानं पोत्याची दोन्ही टोकं धरली. रोज शंभर पोती उचलणाऱ्या त्या हातांना हे एक उचलेना.